कागद सरकारचा, हेलपाटे आमचे

गेल्या सोमवारी शेजारच्या मावशींना घेऊन तालुक्याच्या गावी एका सेवा केंद्रात गेलो. निराधार योजनेच्या अर्जासाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. ही तिसरी फेरी. पहिल्या फेरीला सर्व्हर बंद. दुसऱ्या फेरीला मावशींचा फोटो २० केबीच्या वर गेला म्हणून अर्ज पुढे सरकेना; तो लहान करून आणेपर्यंत केंद्राची वेळ संपली. तिसऱ्या फेरीला ओटीपी गेला, पण तो आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर. तो नंबर त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वीच बंद केलेला. नंबर बदलायचा तर आधी अंगठा लावायचा. आणि अंगठा काही केल्या उमटेना.

"आजी, बोट पुसा आणि परत ठेवा. दाबू नका, नुसतं टेकवा," केंद्रातला मुलगा म्हणाला.

"बाळा, चाळीस वर्सं खुरपं धरलंय या हातानं. रेघा कुठनं ऱ्हायच्या?"

मुलगा भला होता. त्याने दहाही बोटं लावून पाहिली, ओल्या फडक्याने पुसून पाहिली, मलम चोळून पाहिलं. मागे रांग वाढत होती. शेवटी तो म्हणाला, "आज नाही घेत मशीन. पुढच्या सोमवारी या." त्याला मी दोष देणार नाही. त्याच्या हातात यंत्र आहे, अधिकार नाही. समोर बसलेली बाई हीच ती बाई आहे हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं, पण ते लिहून द्यायची मुभा त्याला कुणी दिलेली नाही.

परतीच्या एसटीची वाट बघत स्टँडवर बसलो तेव्हा मावशींची प्लास्टिकची पिशवी उघडून कागद मोजले. तलाठ्याचा अहवाल. रेशनकार्ड. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. आधार. चार कागद, आणि चारही सरकारनेच दिलेले. तलाठी सरकारचा, रेशनकार्ड पुरवठा खात्याचं, मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीची, आधार केंद्र सरकारचं. या कागदांवरची एकही ओळ सरकारला नवीन नव्हती. सरकारजवळ असलेली माहिती सरकारपर्यंत पोचवायला एका विधवा शेतमजूर बाईने तीन दिवसांची मजुरी बुडवली, तीनदा एसटीचं तिकीट काढलं, आणि काम झालं नाही.

ऑनलाइन सरकारची तयारी मोजायची माझी पट्टी त्या बाकड्यावर ठरली. जे सरकारला आधीच ठाऊक आहे ते सरकार माणसाला पुन्हा विचारतं का? एवढंच बघायचं. बाकीचं नंतर.

जगात या तयारीची मोजदाद होते. संयुक्त राष्ट्रसंघ दर दोन वर्षांनी आपल्या १९३ सदस्य देशांचा क्रम लावतो. २०२४च्या यादीत डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा, सिंगापूर तिसरा. भारत ९७वा; त्याआधी २०२२ साली १०५वा होता. गुण तीन गोष्टींचे: सरकारी संकेतस्थळांवर काय काय करता येतं, देशात फोन आणि इंटरनेटचं जाळं किती पसरलंय, आणि लोक किती शिकलेले आहेत. २०२२चे भारताचे गुण नीट बघा. संकेतस्थळांच्या भागात आपण वरच्या देशांच्या जवळपास जातो, आणि जाळ्याच्या भागात ते गुण निम्म्यावर येतात. दुकान उभं राहिलं, माल मांडला, पण दुकानापर्यंत रस्ता नाही. गावात राहणाऱ्या कुणालाही हे आकडे न बघताही सांगता आलं असतं.

या क्रमवारीच्या नावात एक बदल झाला, त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २००८पर्यंत तिच्या नावात 'तयारी' हा शब्द होता: सरकार ऑनलाइन सेवा द्यायला किती तयार आहे, त्याचा निर्देशांक. २०१०पासून 'तयारी' गेली आणि 'विकास' आला. मला जुना शब्द परत हवा आहे. विकास म्हटला की संकेतस्थळं मोजायची, अॅप मोजायची, उद्घाटनं मोजायची. तयारी म्हटली की प्रश्न येतो, कशासाठी तयार? सर्व्हर बंद पडला तर तयार आहात का? अंगठा उमटला नाही तर? यंत्राने चूक केली तर? म्हातारी बाई समोर उभी राहिली तर?

एस्टोनियाकडे बघू या. बाल्टिक समुद्राकाठचा हा देश १९९१मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडला. लोकसंख्या सुमारे १३ लाख. २०११च्या जनगणनेतलं आपलं नाशिक शहर याहून मोठं. २००१मध्ये त्यांनी एक्स-रोड नावाची यंत्रणा सुरू केली. सगळ्यांची सगळी माहिती एका जागी कोंबायची, असं तिथे केलेलं नाही. प्रत्येक खातं आपली नोंदवही आपल्याजवळ ठेवतं. दुसऱ्या खात्याला त्यातली एखादी नोंद लागली तर ते एक्स-रोडवरून विचारतं, पहिलं खातं उत्तर देतं, आणि कुणी, केव्हा विचारलं याची नोंद राहते. ती नोंद नागरिकाला स्वतः बघता येते. आपली फाइल कुठल्या अधिकाऱ्याने उघडली हे तिथला माणूस घरी बसून पाहतो आणि जाब विचारू शकतो. आणि कायदाच असा आहे की एकच माहिती गोळा करण्यासाठी दोन वेगवेगळे डेटाबेस उभारता येत नाहीत. तिथे मावशींची पिशवी रिकामी असती.

कुणी म्हणेल, इवलासा देश आहे, त्यांना जमलं. मला हे पटत नाही. तलाठी आणि तहसीलदार एकाच खात्याचे, एकाच तालुक्यात बसणारे. एकाने दुसऱ्याला विचारायला लोकसंख्या आडवी येत नाही, सवय आडवी येते. अर्जदाराने कागद आणायचे, आपण तपासायचे, ही आपल्याकडच्या कचेरीची शंभर वर्षांची सवय आहे. पूर्वी कागद झेरॉक्स करून आणायचे, आता स्कॅन करून चढवायचे. सवय तशीच राहिली, फक्त कारकुनाचं टाइप करण्याचं काम आता अर्जदाराच्या गळ्यात पडलं. ज्याला जमत नाही तो दुसऱ्याला पैसे देऊन करून घेतो.

ऑस्ट्रियात तर अर्जच काढून टाकला. तिथे मुलांसाठी सरकार दरमहा कुटुंबभत्ता देतं. मे २०१५पासून दवाखान्यात मूल जन्मलं की जन्माची नोंद होते, ती नोंद कर खात्याकडे जाते, तिथे पात्रता तपासली जाते आणि भत्ता सुरू होतो. आईबापांना अर्ज करावा लागत नाही. काही माहिती कमी पडली तर खातंच पत्र पाठवून विचारतं. बाळंतीण बाई रांगेत नाही, बाप झेरॉक्सच्या दुकानात नाही. सरकार तयार असणं म्हणतात ते हे. एस्टोनियानेही २०१९मध्ये हीच वाट धरली: बाळाची नोंद झाली की सरकार स्वतः कळवतं, तुम्हाला हे हे भत्ते मिळतात, मान्य आहे का?

आपल्या सातबाऱ्याचं उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण ते चांगलं झालं आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याच्या मागे हिंडलेली पिढी अजून हयात आहे. तलाठी आज सजावर आहे की तहसीलला, साहेबांच्या दौऱ्यात आहे की रजेवर, याची चौकशी करण्यातच आठवडा जायचा. आज १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळतो. हा फार मोठा बदल आहे, ज्यांनी तो घडवला त्यांना मी मनापासून दाद देतो. पण मग तोच सातबारा कितीतरी सरकारी अर्जांना जोडून द्या असं सांगतात, तेव्हा चीड येते. नोंद महसूल खात्याची, सही महसूल खात्याची, आणि दुसरं खातं ती महसूल खात्याला न विचारता शेतकऱ्याला विचारतं. शेतकरी पैसे भरून ती उतरवून घेतो आणि पुन्हा सरकारलाच चढवून देतो.

कागदाआधी नियम बदलावा लागतो, हे जपानने नीट ओळखलं. तिथल्या सरकारी नियमांत हजाराहून अधिक ठिकाणी अर्जासोबत फ्लॉपी डिस्क द्या, सीडी द्या असं लिहिलेलं होतं. २०२१मध्ये त्यांनी डिजिटल सेवांसाठी स्वतंत्र खातं काढलं, आणि त्या खात्याचे मंत्री तारो कोनो यांनी हे नियम शोधून शोधून रद्द करवले. २०२४मध्ये ते काम जवळजवळ पूर्ण झालं. जर्मनीने उलटं केलं. २०१७मध्ये कायदा केला की ५७५ सरकारी सेवा २०२२अखेर ऑनलाइन होतील. २०२२ संपलं, सेवा झाल्या नाहीत. केंद्र, राज्य आणि नगरपालिका या तीन पातळ्यांवरची कचेऱ्यांची कामाची रीत जुनीच ठेवून वर तारीख जाहीर केली होती. तारखेने कामं होत नाहीत.

इथवर वाचून वाटेल की खाती एकमेकांना जोडली की झालं. नाही झालं. ऑस्ट्रेलियाने खाती जोडली होती.

तिथे बेकारभत्ता वगैरे देणारं खातं आहे आणि कर खातं आहे. २०१५मध्ये सरकारने ठरवलं की दोन्हींच्या नोंदी यंत्राने ताडून बघायच्या आणि ज्यांना जास्त भत्ता गेला असेल त्यांच्याकडून वसुली करायची. लोक याला रोबोडेट म्हणू लागले. यंत्र काय करायचं? माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं, आणि म्हणायचं की प्रत्येक पंधरवड्यात याने एवढे कमावले. आपल्या ऊसतोड कामगाराला यातली चूक एका वाक्यात कळेल. जो माणूस सहा महिने काम करतो आणि सहा महिने घरी बसतो, त्याची कमाई वर्षभर सारखी वाटली तर बेकारीच्या काळातही तो कमवत होता असं दिसणारच. मग त्याला पत्र जाई: तुम्ही एवढं देणं लागता. पटत नसेल तर कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणून दाखवा.

म्हणजे आरोप यंत्राचा आणि पुरावा गरिबाने द्यायचा. चार लाखांहून अधिक लोकांवर अशी बेकायदा वसुली लादली गेली. २०१९मध्ये सरकारला न्यायालयात माघार घ्यावी लागली, नंतर पैसे परत करावे लागले. रॉयल कमिशन बसलं, त्याचा अहवाल जुलै २०२३मध्ये आला. वसुलीची पत्रं आलेल्या आणि नंतर आत्महत्या केलेल्या तरुणांच्या आयांनी त्या आयोगासमोर साक्षी दिल्या. संयुक्त राष्ट्रसंघाच्या क्रमवारीत ऑस्ट्रेलिया या सगळ्या काळात वरच्या देशांत होता.

ब्रिटनमधलं पोस्टाचं प्रकरणही तसंच. पोस्टाच्या हिशेबासाठी होरायझन नावाची संगणक यंत्रणा आणली. तिच्या चुकांमुळे गल्ल्यात तूट दिसू लागली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक पोस्ट चालवणाऱ्यांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आलं. काहींना तुरुंगात जावं लागलं. संगणक सांगतो म्हणजे खरं, या एका समजुतीपायी. अखेर २०२४मध्ये ब्रिटिश संसदेला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो कुटुंबांवर लबाडीचा खोटा ठपका आला, त्यापायी जानेवारी २०२१मध्ये अख्खं सरकार पायउतार झालं.

म्हणून माझ्या पट्टीवर मी दुसरी खूण करतो. यंत्र चुकलं तर त्याची झळ कुणाला? चूक सिद्ध करायचं ओझं कुणावर? ते ओझं नागरिकावर टाकणारं सरकार कितीही वरच्या क्रमांकाचं असो, माझ्या लेखी ते तयार नाही.

एस्टोनियाचंही यंत्र चुकलं होतं. २०१७मध्ये तिथल्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोष निघाला. साडेसात लाखांच्या आसपास कार्डं, म्हणजे निम्म्याहून जास्त देश. सप्टेंबरात पंतप्रधान युरी रातास यांनी स्वतः पत्रकार परिषद घेऊन दोष आहे हे देशाला सांगितलं. नोव्हेंबरमध्ये दोषी कार्डांची ऑनलाइन प्रमाणपत्रं थांबवली आणि नवी द्यायला घेतली. कार्ड लोकांनी नीट सांभाळलं नाही, असं कुणी म्हटलं नाही. चूक आमची, दुरुस्ती आमची. असं बोलणारं सरकार बघायला मिळावं अशी माझी इच्छा आहे, आणि ती अवाजवी आहे असं मला वाटत नाही.

दक्षिण कोरिया तर संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१०, २०१२ आणि २०१४ अशा सलग तीन याद्यांत पहिला. तिथे २६ सप्टेंबर २०२५ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्रात लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली. साडेसहाशेहून अधिक सरकारी यंत्रणा एका फटक्यात बंद पडल्या. ओळखपत्र, पोस्ट, तक्रारी, सगळं ठप्प. सरकारी कर्मचाऱ्यांनी आपली कामाची कागदपत्रं जिथे ठेवायची त्या सामायिक साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती जळून गेली. त्या साठ्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती. गावातला साधा किराणा दुकानदारसुद्धा उधारीची वही आणि रोजकीर्द वेगळी ठेवतो. तीनदा जगात पहिल्या आलेल्या सरकारने एवढं केलं नव्हतं, हे वाचून मी हबकलो.

आता एका गरीब देशाची गोष्ट सांगतो, कारण मला ती सगळ्यांत जास्त भावते. पश्चिम आफ्रिकेत टोगो नावाचा छोटा देश आहे. एप्रिल २०२०मध्ये कोरोनाची बंधनं आली आणि हातावर पोट असलेल्यांचं काम बंद झालं. रिक्षावाले, शिंपी, केस विंचरून देणाऱ्या बाया, बाजारात बसणाऱ्या बाया. सरकारने नोविसी नावाची योजना काढली. संकेतस्थळावर जा, फोटो चढवा, दाखला जोडा असं काही नाही. साधा बटणांचा फोन घ्यायचा, एक छोटा क्रमांक फिरवायचा, इंटरनेट लागत नाही, आणि मतदार ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा. निवडणूक नुकतीच झालेली असल्याने मतदार यादी ताजी होती आणि तीत माणसाचा व्यवसाय आणि राहण्याचं ठिकाणही नोंदलेलं होतं. पात्रता तिथल्या तिथे तपासली जाई आणि पैसे फोनवरच्या खात्यात पडत. पुरुषांना महिन्याला १०,५०० फ्रँक, बायकांना १२,२५०. बायकांना जास्त, कारण घर त्या चालवतात.

यात काय काय आलं बघा. सरकारने स्वतःजवळची यादी उघडली. लोकांच्या हातात जो फोन होता तोच वापरला, जो नाही तो घ्यायला लावला नाही. अर्ज दोन आकड्यांत आटोपला. ज्यांच्याकडे मतदार ओळखपत्र नव्हतं ते बाहेर राहिले, ही त्यातली उणीव आहे आणि ती लहान नाही. पण क्रमवारीत पुष्कळ खाली असलेल्या देशाने, हातात फार काही नसताना, माणसाकडून सुरुवात केली. संकेतस्थळाकडून नाही.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२५च्या अंदाजानुसार जगात अजून २२० कोटी माणसं इंटरनेटच्या बाहेर आहेत. ही माणसं कोण? म्हातारी, गरीब, न शिकलेली, अपंग, खेड्यातली, आणि त्यांत बायका जास्त. म्हणजे सरकारची गरज ज्यांना सर्वांत जास्त तीच. ज्याच्याकडे गाडी, बंगला, दोन फोन आहेत त्याचं सरकारकडे वर्षातून एखादं काम निघतं. मावशींचं महिन्याचं जेवण सरकारच्या १५०० रुपयांवर ठरणार आहे. ऑनलाइनची पहिली परीक्षा त्यांच्यापासून घ्यायला हवी, आणि सगळीकडे ती शेवटी घेतली जाते किंवा घेतलीच जात नाही.

पहिल्या क्रमांकाच्या डेन्मार्कमध्ये सरकारी पत्रं १ नोव्हेंबर २०१४पासून डिजिटल पेटीतच येतात, हा कायदा आहे. २०२५च्या अखेरीस तर तिथल्या पोस्टाने चारशे वर्षांची पत्रं वाटायची परंपराच थांबवली. तरी त्या कायद्यात सूट ठेवलेली आहे. ज्याला संगणक जमत नाही, ज्याला अपंगत्व आहे, तो सांगू शकतो की मला कागदावर पत्र द्या, आणि सरकारला ते द्यावं लागतं. सर्वांत पुढे गेलेल्या देशाने दुसरं दार उघडं ठेवलं आहे. आपण ते दार बंद करायची घाई का करतो?

आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, टेंभली गावात दिला गेला. आदिवासी गाव मुद्दाम निवडलं होतं, शेवटच्या माणसापासून सुरुवात म्हणून. तो हेतू चांगला होता. सर्वोच्च न्यायालयानेही २०१८च्या आधार निकालात बजावलं की पडताळणी झाली नाही म्हणून कुणाला लाभ नाकारू नये. आणि ३० एप्रिल २०२५चा निकाल तर प्रत्येक सरकारी कचेरीत भिंतीवर लावावा असा आहे. अॅसिड हल्ल्यात चेहरा होरपळलेल्या स्त्रिया आणि दृष्टी नसलेले लोक न्यायालयात गेले होते. ऑनलाइन केवायसीत यंत्र सांगतं, डोळे मिचकावा. ज्या बाईच्या पापण्याच जळून गेल्या आहेत तिने काय मिचकावायचं? ती जिवंत आहे हे यंत्राला पटत नाही म्हणून तिला बँकेत खातं नाही, फोनचं सिमकार्ड नाही. न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अशा माणसांसाठी दुसरे मार्ग ठेवायचे वीस आदेश दिले.

हक्क म्हटलाय न्यायालयाने. उपकार नाही. मावशींच्या दहा बोटांनाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

काय करायला हवं ते मी इथेच मांडतो. ज्या अर्जाला सरकारने दिलेला कागद जोडायला सांगितला जातो, त्या प्रत्येक अर्जाची यादी काढा आणि तो कागद मागणं बंद करा. एका खात्याने दुसऱ्याला विचारावं. अंगठा, चेहरा, ओटीपी यांपैकी काहीच जमलं नाही तर केंद्रातल्या माणसाने ओळख पटवून सही करावी आणि काम पुढे जावं, असा लेखी अधिकार त्याला द्या. सर्व्हर बंद होता तेवढे दिवस मुदत आपोआप वाढावी. आणि परत पाठवलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवा: कोण आलं, कशासाठी आलं, का परत गेलं. आज किती अर्ज निकाली निघाले याचे आकडे छापले जातात. मावशी त्या आकड्यांत कुठेच नाहीत, कारण त्यांचा अर्ज अजून दाखलच झालेला नाही. सरकारी हिशेबात त्या तीन सोमवारी कुणी आलंच नव्हतं.

यात नवं तंत्रज्ञान काही लागत नाही. महाराष्ट्रात २०१५पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा देणं त्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. हा कायदा फार थोडे लोक वापरतात. आम्हीही पहिल्या दोन फेऱ्यांत वापरला नाही.

म्हणून वाचकांना माझी एक विनंती आहे. घरातल्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला एकट्याने केंद्रावर पाठवू नका, सोबत जा. अर्ज घेत नसतील तर का घेत नाहीत ते तारीख घालून लेखी मागा. अर्ज घेतला तर पावती घ्या, तिच्यावर क्रमांक आणि मुदतीची तारीख आहे का ते बघा. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची आणि नाही दिली तर पहिलं अपील कुणाकडे करायचं, याचा फलक लावणं प्रत्येक कचेरीला कायद्याने भाग आहे. तो फलक शोधा, त्या अधिकाऱ्याचं पदनाम लिहून घ्या, आणि मुदत टळली की ३० दिवसांच्या आत अपील करा. मावशींचा अर्ज का घेतला नाही, हे लेखी विचारणारं पत्र मी लिहायला घेतलं आहे.